देवलेत, देऊळ आणि आपली दौलत

विचारणा अशी: तुर्कस्तानात अंकारा पलास नावाची घुमटवाली इमारत आहे, तिला 'देवलेत कोनुकएवी' म्हणत. हा 'देवलेत' आपल्या देवळातून तिकडे गेला का?

नाही हो! उच्चार जुळला की सोयरीक जुळवायची, ही खोड कधी जाणार? घुमट आहे, पण हॉटेलच्या दारावर. 'पलास' म्हणजेही राजवाडा नव्हे. बड्या हॉटेलांना लावायचा तो फ्रेंचांकडचा शब्द. राजवाड्याला तुर्क 'सराय' म्हणतात. (आपल्याकडे येईतो तिची वाटसरूंची सराई झाली.) कोनुक म्हणजे पाहुणा, एव म्हणजे घर. झाले.

खरी गंमत देवलेतमध्ये. ही आपली दौलत! मूळ अरबी, धातूचा अर्थ फिरणे, पालटणे. पाळी फिरते, नशीब फिरते, म्हणून सत्ता, सत्तेमागोमाग पैसा. तुर्कांनी 'सत्ता' हा अर्थ धरून ठेवला, म्हणून 'देवलेत कोनुकएवी' म्हणजे सरकारी अतिथिगृह. आपल्या जुन्या कागदांतही दौलत म्हणजे राज्यच. तरी 'मराठी दौलत' म्हटले की लोकांना मोहरांचे हंडे दिसतात. ऐकून ऐकून कान किटले.

उस्मानी सुलतानांचे राज्यही देवलेतच. 1923 साली प्रजासत्ताक झाले, शब्द मात्र तोच राहिला. या इमारतीची तीच तऱ्हा. 1924 साली वास्तुकार वेदात बेंनी काम सुरू केले, पुढे ते दुसरे वास्तुकार केमालेद्दीन बेंकडे आले; 1927 साली केमालेद्दीन वारले आणि 1928 मध्ये इमारत खुली झाली. टोकदार कमानी, पुढे आलेले रुंद छप्पर, घुमट असा बाहेरून सगळा उस्मानी थाट. आत मधोमध नाचाचे दालन, तिथे प्रजासत्ताकदिनाचे बॉल-नाच होत. समोर सुलतानाचा वाडा नव्हता, तेव्हाची संसद होती. 'दौलत'चा धात्वर्थ कुणी दगडात बांधला असेल तर तो इथे.

आणि दौलताबाद? 'संपत्तीचे शहर' असे गाईड सांगतात, शहाणी माणसेही तेच लिहितात. मला मुळीच पटत नाही. मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवली ती काय पैशाचे गाव वसवायला? आबाद म्हणजे वसलेले. दौलत, म्हणजे राज्य, जिथे नांदते ते दौलताबाद. ज्यांना इथे खजिनाच हवा त्यांनी खुशाल किल्ला खणावा.

त्या गावाचे आधीचे नाव देवगिरी. तेव्हा देवाची दौलत झाली ती इथे, अंकाऱ्यात नव्हे.