ट्यूबलाइटवर धडकणारा तो तपकिरी किडा

पाऊस सुरू झाला की एकाच किड्याचे फोटो माझ्याकडे येऊ लागतात. यंदाही येऊर, घोडबंदर, खारघर अशा डोंगराजवळच्या वस्त्यांमधून ते आले. त्यांतल्या काही प्रश्नांना ही उत्तरे.

प्रश्न : बाल्कनीतल्या दिव्यावर दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची, केसाळ, तपकिरी गांधीलमाशी आपटत असते. ही कोणती? (घोडबंदर रोड)

ती गांधीलमाशी नाही. डोरायलस या लष्करी मुंग्यांचा तो नर आहे. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसनेही १७६४ साली आफ्रिकेतल्या अशाच नराची नोंद गांधीलमाश्यांत केली होती, तेव्हा तुम्ही फसलात यात नवल नाही.

प्रश्न : मक्यावर पडते तीच का ही लष्करी अळी? (कल्याण)

नाही. ती पतंगाची अळी. शेतात ती दिसली तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) आजच दाखवा.

प्रश्न : मुंगी म्हातारी झाली, मरण जवळ आले की तिला पंख फुटतात, असे आमची आजी सांगते. खरे का? (नेरूळ)

वय झाले म्हणून कुठल्याच मुंगीला पंख फुटत नाहीत. नर कोशातून बाहेर येतो तोच पंख घेऊन. मरण जवळ असते, एवढे मात्र आजींचे खरे, कारण त्याचे आयुष्य थोडक्या दिवसांचे. या मुंग्यांच्या राणीला पंख नसतात आणि ती उडून बाहेर पडत नाही, म्हणून नरालाच दुसऱ्या वसाहतीची वाट शोधावी लागते. तिथल्या कामकरी मुंग्या आंधळ्या. त्या त्याचे पंख कुरतडून टाकतात आणि त्याला राणीपर्यंत नेतात. मीलनानंतर तो जगत नाही. फलन न झालेल्या अंड्यातून जन्मल्यामुळे त्याला बाप नसतो, पण आईकडचा आजोबा असतो! आजींना हे जरूर सांगा.

प्रश्न : हा किडा चावला. दुसऱ्या दिवशी मानेवर भाजल्यासारखा पट्टा उठला. चुना लावला आहे. (ऐरोली)

चुना आधी धुऊन टाका. मुंगीच्या नराला नांगी नसतेच. नांगी हे अंडी घालण्याच्या अवयवाचे बदललेले रूप आहे, त्यामुळे ती फक्त माद्यांना असते. नराने जबड्याने चिमटा घेतला तरी असा पट्टा उठत नाही. पावसाळ्यात दिव्यावर येणारा पीडेरस नावाचा काळा-नारिंगी, बारीक भुंगेरा अंगावर चिरडला की त्यातल्या द्रवाने असे फोड येतात. अंगावर किडा बसला तर चिरडू नका, फुंकरीने उडवा आणि जागा साबणाने धुवा. तुम्ही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, डोळ्याजवळ पसरले असेल तर आजच. कुठल्याही दंशानंतर ओठ सुजले किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : पेस्ट कंट्रोलवाल्याने या किड्यांचा फोटो पाहून इमारतीला वाळवी लागल्याचे सांगितले. पायाभोवती ड्रिलिंग आणि वार्षिक करार करायचा म्हणतो. कमिटीची उद्या सही आहे. (माजिवडा)

सही थांबवा. दर पावसाळ्यात सोसायट्यांना हाच धाक घातला जातो, आणि किडा हातात घेऊन पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. पंखाच्या वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, कंबर जाड असते, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या. साधे भिंग घेतले की पाच मिनिटांत फरक कळतो! हा नर लाकूड खात नाही, भिंतीत घर करत नाही. तो नुसता उजेडाला आला आहे, आणि त्याची वसाहत जमिनीखाली, कदाचित तुमच्या आवाराबाहेर आहे. त्याच्यासाठी इमारतीच्या पायात औषध ओतणे म्हणजे पैसे मातीत घालून वर विषही कालवणे. बाहेरचे दिवे रात्री बंद ठेवा, नाहीतर पिवळे लावा. येणे बरेच कमी होईल. आता दुसरी बाजू. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसत असतील, चौकट पोकळ वाजत असेल, तर वाळवी खरोखर असू शकते, आणि तिथे दिरंगाई महागात पडते. म्हणून दोन-तीन किडे डबीत घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवा, आणि करार त्यानंतर. फोटोवरून मीही छातीठोक सांगणार नाही.

प्रश्न : कुंडीतले बटाटे आतून पोखरलेत. हाच का? (वाशी)

नर नव्हे. डोरायलस ओरिएंटॅलिस या जातीच्या कामकरी मुंग्या जमिनीखाली बटाटे खातात. पण खात्री करूनच औषध, तेही सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून.

प्रश्न : मुलाने एक बाटलीत ठेवला आहे. खायला काय द्यावे? (खारघर)

काही नको. दिवा मालवून खिडकीतून सोडून द्या. सकाळी मेलेला सापडला तर कापसावर ठेवून तारीख आणि जागा चिठ्ठीवर लिहायला लावा, म्हणजे ओळख पटवायला नेता येईल.