घरी शिकवताना चित्रपटांचा अभ्यासासाठी खरा उपयोग कसा करून घ्यावा? मुलं (वय ९ आणि १२) आवडीने बघतात, पण ‘मजा आली’ यापलीकडे काही उरत नाही.

चूक बहुतेक वेळा चित्रपटाच्या निवडीत नसते, तो अख्खा दाखवण्यात असते. दोन-सव्वादोन तास गोष्टीत वाहून गेल्यावर ‘यातून काय शिकलास?’ असं विचारलं तर ‘मजा आली’ हेच उत्तर येणार. मोठ्यांचंही तेच होतं.

अभ्यासाला आठ ते बारा मिनिटांचा एकच तुकडा घ्या. अख्खा चित्रपट दाखवायचाच असेल तर तो आदल्या दिवशी निव्वळ करमणूक म्हणून, मध्ये एकदाही न थांबवता बघू द्या. पुढे काय होणार हे कळलेलं असलं की दुसऱ्या दिवशी तोच तुकडा बघताना नजर बारकाव्यांकडे जाते. तुकडा कुठून कुठपर्यंत, ते मिनिट-सेकंदांसकट आधीच लिहून ठेवा. मुलांसमोर पुढेमागे सरकवत बसलात की लक्ष उडालंच.

प्रश्न बघण्याआधी द्यायचा, आणि एकच. त्याचं उत्तर पडद्यावर कुणी सरळ बोलून दाखवणार नाही असा असावा. बघून झाल्यावर लगेच हाताने करायचं काम हवं. माझ्या मते खरा धडा तिथेच असतो, चित्रपट ही फक्त त्याची प्रस्तावना.

एक उदाहरण सविस्तर देतो. चंद्राकडे निघालेल्या यानाच्या अपघातावरचा ‘अपोलो १३’ (१९९५) साधारण १४० मिनिटांचा आहे, पण तुम्हाला हवा तो प्रसंग काही मिनिटांचाच: यानात कार्बन डायऑक्साइड वाढतोय, तो शोषून हवा शुद्ध करणाऱ्या शिल्लक गाळण्या चौकोनी आहेत आणि जिथे बसवायच्या ती जागा गोल. एप्रिल १९७० मध्ये हे खरंच घडलं होतं. जमिनीवरचे अभियंते टेबलावर सामान ओततात, तिथे थांबवा. आता मुलांपुढे ठेवा: एक चौकोनी खोका, दोन्ही तोंडं उघडी असलेला गोल डबा किंवा पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकची पिशवी, पुठ्ठा, चिकटपट्टी. वेळ २० मिनिटं. चौकोन आणि गोल असे जोडायचे की हवा मधून जाईल, पण बाजूने निसटणार नाही. तपासणी सोपी आहे. एका टोकाने फुंकायचं आणि टिश्यूची बोटभर रुंद पट्टी सांध्याभोवती फिरवायची; जिथे फडफडेल तिथे गळती. पहिल्या खेपेला बहुतेक वेळा चौकोनाचे कोपरेच गळतात, कारण चिकटपट्टी सपाट बाजूवर नीट बसते आणि कोपऱ्यावर सुरकुतते. हे तुम्ही सांगू नका, टिश्यूच्या पट्टीला सांगू दे. मग उरलेला प्रसंग लावा.

आता चित्रपटातल्या चुकांबद्दल. ‘सिनेमात सगळं खरं नसतं’ एवढं म्हणून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू बटलर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हे तपासलं होतं: विद्यार्थ्यांनी अचूक मजकूर वाचला असूनही, त्याच्या विरुद्ध जाणारा चित्रपटातला तपशील अनेकांच्या डोक्यात बसला. मोघम इशाऱ्याचा उपयोग झाला नाही. नेमकं काय चुकीचं आहे ते आधी सांगितल्यावर फरक पडला. तेव्हा चूक नाव घेऊन सांगा. ‘द मार्शियन’च्या सुरुवातीचं वादळ घ्या: मंगळावर वातावरणाचा दाब पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का आहे, त्यामुळे तिथला वारा वेगाने वाहिला तरी यान कलंडवण्याएवढा जोर त्यात येत नाही. किंवा ‘फाइंडिंग नेमो’: त्यात नेमो या क्लाउनफिश माशाची आई मरते आणि बाबा बाबाच राहतात, पण प्रत्यक्षात क्लाउनफिशच्या गटातली मादी मेली की त्यातला प्रमुख नर मादी होतो. नऊ वर्षांच्या मुलाला हे कळलं की तो दिवसभर घरात सगळ्यांना सांगत फिरेल, आणि उजळणी आपोआप होईल.

बारा वर्षांच्या मुलासाठी गणित पडद्यावरच मिळतं. चित्रपट सहसा सेकंदाला २४ फ्रेमने (म्हणजे २४ स्थिर चित्रांनी) चित्रित होतो. संगणकावर व्हिडिओ दाखवणाऱ्या व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरचं ‘ई’ (E) हे बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. वस्तू हातातून सुटते ती फ्रेम शून्य धरा आणि जमिनीला टेकेपर्यंत मोजा. ७५ सेंमी उंच टेबलावरून पडायला सुमारे ०.३९ सेकंद, म्हणजे नऊ-दहा फ्रेम लागायला हव्यात. वीस लागल्या तर प्रसंग स्लो मोशनमध्ये आहे, किंवा गडबड आहे. आधी फाइलच्या माहितीत फ्रेम रेट बघून घ्या; तो २५ किंवा ३० असला तर हिशेब बदलतो. वस्तू पडत असताना मध्येच कॅमेरा बदलला असेल तर तो प्रसंग सोडून द्या. धाकट्याने मोजायचं, मोठ्याने गुणाकार-भागाकार करायचे. दोघांना एकाच पडद्यासमोर बसवण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

भाषा शिकवायची असेल तर दोन मिनिटांचा संवाद पुरे. आधी सबटायटलशिवाय, मग त्याच भाषेच्या सबटायटलसह, शेवटी आवाज बंद करून मुलांनी स्वतः संवाद म्हणायचे. मातृभाषेतली सबटायटल लावली की डोळे वाचत राहतात आणि कान काम थांबवतात.

नोंदीसाठी एक वही ठेवा: तारीख, चित्रपट, कोणता तुकडा, प्रश्न, केलेल्या कामाचा फोटो. अभ्यासाचे तास मोजताना तुकडा आणि त्यानंतरचं काम एवढंच धरा. आदल्या दिवशीचे दोन तास करमणुकीच्या खात्यात.