ब्रिटनमधले साधे लोक सरकारवर खरंच एवढे चिडलेत का?

तुम्ही विचारलंय की बातम्यांत लंडनमधले मोर्चे, ट्रॅक्टर आणि झेंडे दिसतात, पण तिथल्या रोजच्या माणसाला सरकारबद्दल नेमकं काय वाटतं? आणि एवढं प्रचंड बहुमत मिळवलेला मजूर पक्ष दीड वर्षात इतका नकोसा कसा झाला?

मी राजकारणाची अभ्यासक वगैरे नाही. मूळची सांगलीची. गेली चार वर्षं बर्मिंगहॅमपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. औषधं काढून पिशवीत भरेपर्यंत दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात माणूस बोलतो. इथला माणूस शेजाऱ्याकडे वर्षानुवर्षं फक्त मान हलवेल, पण आमच्या काउंटरवर गुडघ्यापासून पंतप्रधानांपर्यंत सगळं काढतो. डिसेंबर 2025 पर्यंत जे ऐकलं, त्या भरवशावर सांगते.

आधी बहुमताचं. जुलै 2024 मध्ये मजूर पक्षाला 650 पैकी 411 जागा मिळाल्या, पण मतं शंभरातली जेमतेम 34. मतदानच मुळात 60 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मतदार यादीतल्या पाच जणांपैकी एकाने यांना निवडलं. लोकांना चौदा वर्षं बसलेल्या हुजूर पक्षाला घरी पाठवायचं होतं, त्यासाठी जो हाताशी होता त्याला मत दिलं. पुढे पंतप्रधान झालेले कीर स्टार्मर आवडले म्हणून मत दिलं असं सांगणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. त्यामुळे चूक झाली तर पोटात घालायला कोणी नव्हतंच.

आणि चूक त्यांनी चौथ्याच आठवड्यात केली.

हिवाळ्यात घर गरम ठेवायला वृद्धांना सरकारकडून पैसे मिळायचे. 1997 पासूनची पद्धत. घरटी 200 पौंड, ऐंशीच्या पुढे 300. अर्थमंत्री रेचल रीव्ह्स यांनी जाहीर केलं की खजिन्यात 22 अब्ज पौंडांचा खड्डा आहे, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये हे पैसे यापुढे फक्त पेन्शन क्रेडिट किंवा तशीच मदत घेणाऱ्या गरीब वृद्धांना. साधारण एक कोटी लोकांचे पैसे बंद झाले. कागदावर हे पटण्यासारखं होतं, कारण बंगलेवाल्या श्रीमंत म्हाताऱ्यांनाही ते मिळत होते. पण पेन्शन क्रेडिटची रेषा एकट्या माणसाला आठवड्याला 218 पौंडांवर होती, आणि त्या रेषेच्या जरासे वर असलेले लोक थेट कोरडे राहिले.

आमच्याकडे येणाऱ्या एक आजी आहेत, ब्याऐंशीच्या. रेषेच्या चार पौंड वर. त्या हिवाळ्यात त्यांनी मला हसत सांगितलं, "चार पौंडांनी मी श्रीमंत ठरले, बॅब. आता बेकरीतून एक केक घेते आणि गरीब होऊन घरी जाते." (आमच्या भागात लाडाने 'बॅब' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शिवी वाटली होती.) त्या घरात कोट घालून बसायच्या. दुपारी तासभर आमच्या दुकानातल्या खुर्चीवर यायच्या, औषध असो वा नसो. आम्ही काही बोलायचो नाही.

इथे एक गंमत आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये सरकारी पेन्शन 4.1 टक्क्यांनी वाढली. नवी पूर्ण पेन्शन घेणाऱ्याला वर्षाला साधारण 470 पौंड जास्त, म्हणजे गेले त्याहून जास्तच आले. (त्या आजींची पेन्शन जुन्या पद्धतीची, त्यामुळे त्यांना एवढे नाही.) पण काउंटरवर या वाढीचं नाव एकानेही काढलं नाही. दिलेलं हक्काचं वाटतं आणि काढून घेतलेलं घाव होऊन बसतं, हे पुढे प्रत्येक विषयात दिसलं.

मे 2025 मध्ये रनकॉर्नची पोटनिवडणूक झाली. मजूर पक्षाची जागा, आधीचं मताधिक्य 14,696. तिथल्या खासदाराने आपल्याच एका मतदाराला भर रस्त्यात ठोसा मारला होता, म्हणून ती रिकामी झालेली! नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके या स्थलांतरविरोधी पक्षाने ती सहा मतांनी जिंकली. सहा. पुढच्याच महिन्यात सरकारने घूमजाव केलं आणि 35 हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या सगळ्या पेन्शनरांना पैसे परत सुरू केले. आजींना पैसे मिळाले. मत बदललं का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना लाज वाटली म्हणून नाही दिले, भीती वाटली म्हणून दिले."

बाकीच्या तक्रारी पटपट सांगते. डॉक्टरची वेळ मिळवायला सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा आणि तासभर संगीत ऐकायचं, हा राष्ट्रीय व्यायाम. सरकारी रुग्णालयांच्या प्रतीक्षायादीत 70 लाखांहून जास्त उपचार अडकलेले. एप्रिल 2025 पासून मालकांना कामगारामागे भरावा लागणारा नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन-भत्त्यांसाठीची सक्तीची वर्गणी) 13.8 वरून 15 टक्क्यांवर गेला. त्याचा अर्थ आमच्या दुकानात असा झाला की सोडून गेलेल्या मुलीच्या जागी कोणी आलं नाही. नोव्हेंबरच्या बजेटमध्ये आयकराची 12,570 पौंडांची करमुक्त मर्यादा 2031 पर्यंत गोठवली. पगार वाढला की कर आपोआप वाढणार. हे मात्र कोणाला फारसं समजलेलं नाही, त्यामुळे त्यावर राग नाही. त्याच बजेटात तिसऱ्या मुलापासून भत्ता न देण्याचा 2017 चा नियम काढायचं ठरलं. त्यावर काउंटरवर एका तरुण आईचे डोळे भरून आले आणि तिच्याच मागे उभे असलेले गृहस्थ पुटपुटले की पोरं ह्यांची आणि पैसे आमचे.

डिजिटल ओळखपत्राची गोष्ट आपल्या लोकांना सगळ्यात विचित्र वाटेल. सप्टेंबर 2025 मध्ये स्टार्मर यांनी जाहीर केलं की नोकरीसाठी ते लागेल. त्याविरुद्ध संसदेच्या याचिकेवर 28 लाखांहून जास्त सह्या झाल्या. युद्धकाळात इथे ओळखपत्रं होती, ती 1952 मध्ये रद्द केली. पोलिसाला कागद दाखवत फिरायचं म्हणजे गुलामी, असं जुन्या माणसाला मनापासून वाटतं. आणि ऑक्टोबरमध्ये हेच स्टार्मर मुंबईत जाऊन आधारचं कौतुक करून आले. मी सांगलीत आधारसाठी रांगेत उभी राहिलेली बाई, मला हसू आलं. शिवाय आम्हा व्हिसावाल्यांना ई-व्हिसा कधीच लागू झालाय. काम असो की भाड्याचं घर, फोनवर कोड काढून द्यायचा. आमच्यासाठी एकही सही कोणी केली नव्हती.

आता स्थलांतराचं. तुमच्या प्रश्नामागे बहुधा हेच असावं. ऑगस्ट 2025 मध्ये आमच्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर इंग्लंडचे झेंडे लागले, छोट्या राउंडअबाउटवर लाल क्रॉस रंगवले गेले. आपल्याकडे खांबावर झेंडा आणि चौकात फ्लेक्स नसेल तर चुकल्यासारखं होतं. इथे एरवी फुटबॉलपुरतेच झेंडे निघतात, म्हणून ते डोळ्यांत भरलं. काही गिऱ्हाईकं खूश होती, काही आमच्याकडे बघायचं टाळत होती. रागाचं केंद्र म्हणजे छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून येणारे, 2024 मध्ये साधारण 37 हजार, आणि त्यांना ठेवलेली हॉटेलं. पण सरकारने नियम आवळले ते मुख्यतः आमच्यासारख्यांचे, रांगेतून, फी भरून आलेल्यांचे. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभारच माणशी वर्षाला 1,035 पौंड. निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) जून 2025 पर्यंतच्या वर्षात 2 लाख 4 हजारांवर आलं, आधीच्या वर्षाच्या एक तृतीयांश. काउंटरवर तो आकडा कोणाच्या गावीही नाही.

नवऱ्याच्या व्हिसावर आम्ही 2021 मध्ये आलो. पाच वर्षांनी कायम राहण्याचा परवाना, म्हणजे आयएलआर, मिळायचा होता. 2026 च्या सप्टेंबरमध्ये आमची पाच पूर्ण होतात. नोव्हेंबर 2025 मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी मांडलेल्या प्रस्तावात सर्वसाधारण मुदत दहा वर्षं होती, केअर वर्करसारख्यांना पंधरा, आणि आधीच इथे असलेल्यांनाही ती लावायचा विचार होता. रिफॉर्म तर म्हणतं, आयएलआरच बंद करू. 2025 च्या अखेरीस मतचाचण्यांत तेच पुढे होते. तेव्हा आमच्या घरात राजकारणाची चर्चा म्हणजे कॅलेंडरची चर्चा.

बहुतेकांचा सूर मात्र रागापेक्षा 'उडदामाजी काळे गोरे, काय निवडावे निवडणाऱ्याने' असाच. 2016 पासून सहा पंतप्रधान पाहिले, त्यातले एक 49 दिवसांचे. नव्या नावाने कोणी हरखून जात नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारे एक निवृत्त ट्रकचालक आहेत. फराज यांचे भक्त. परदेशी माणसं फार झाली म्हणाले, मग माझ्याकडे बघून चपापले. "तू नाहीस गं त्यात. तू तर काम करतेस." मी म्हटलं, काम करते आणि मतदानही करते. त्यांना ते खरं वाटेना. इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं, भारतीय पासपोर्टवर मी जुलै 2024 मध्ये दिलं, असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला. कोणाला दिलंस, असं इथे सहसा विचारत नाहीत. त्यांनी विचारलं. मी मजूर पक्षाचं नाव सांगितलं. त्यांनी गोळ्यांची पिशवी उचलली आणि दारातून ओरडले, "म्हणजे हे सगळं तू केलंस होय!"