फळा विचारून पुस

पोरी,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. टांझानियात इरिंगाकडच्या त्या शाळेत तीन आठवडे झाले तरी कुणी काम देत नाही. वर्गात पाय ठेवला की नव्वद पोरं उभी राहून 'गुड मॉर्निंग टीचर' ओरडतात आणि पुढं सगळं ठप्प. शेवटी तुझा रडवेला प्रश्न, 'मावशी, मी इथं आलेच कशाला?' ते तूच जाण. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे.

मी 2008 साली त्याच डोंगराळ भागात गेले होते. पहिल्या सोमवारी उत्साहानं सगळ्यांच्या आधी शाळेत पोचले. तिसरीचा फळा बारीक अक्षरांनी वरपासून खालपर्यंत भरलेला. मला वाटलं, शुक्रवारचं राहिलंय. ओल्या फडक्यानं लख्ख पुसला आणि मधोमध रंगीत खडूनं फुलं काढली. थोड्या वेळानं वर्गाच्या बाई आल्या. सोमवारचा धडा त्यांनी शुक्रवारी शाळा सुटल्यावर थांबून उतरवून ठेवला होता. सहा-सात पोरांत एक पुस्तक, तेव्हा फळा हेच पुस्तक. बाई रागावल्या नाहीत. 'हाया' म्हणाल्या, म्हणजे 'बरं', आणि खडू उचलून पहिल्या ओळीपासून लिहायला लागल्या. माझी फुलं त्यांनी पुसली नाहीत. त्यांना वळसा घालून लिहिलं.

म्हणून सांगते, फळा विचारल्याशिवाय पुसायचा नाही.

तू म्हणशील, मी कुठं फळा पुसला? अगं, आल्या आल्या हेडमास्तरांना नवं वेळापत्रक करून दाखवलंस, ते काय होतं? ती चित्रांची कार्डं, कृतिगीतांची यादी सध्या बॅगेतच राहू दे. 'किताबू', 'दुका', 'चाय' हे स्वाहिली शब्द ओळखीचे निघाले म्हणून हुरळलीस, पण तुझ्या वर्गातली बरीच पोरं घरी हेहे ही तिथली भाषा बोलतात. स्वाहिलीच त्यांना शाळेत येऊन पक्की करावी लागते आणि तुझी इंग्रजी त्याच्याही पलीकडची. मेळघाटात कोरकू पोरांपुढं मराठी बोलताना मी तीन वर्षं हेच करत होते. पोरं गप्प बसली की त्यांना येत नाही, असं आपण धरून चालतो.

मागच्या बाकावर बस. बाकावर जागा नसेल, नसणारच, तर जमिनीवर बस. टांझानियात 2016 पासून सरकारी शाळेत फी नाही, पोरं लोंढ्यानं आली, खोल्या आणि शिक्षक त्या वेगानं आले नाहीत. नव्वद वह्या एकट्या बाईंनी कधी तपासायच्या? त्या तू माग. हे काम तुला हलकं वाटतंय, मला माहीत आहे. मलाही वाटलं होतं.

घड्याळाचंही तेच. 'सा मोजा' म्हणजे पहिला तास, म्हणजे आपले सकाळचे सात. तू एक वाजता गेलीस आणि 'इथं वेळ पाळत नाहीत' म्हणून मलाच ऐकवलंस! त्यांचं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं, चुकलीस तू. आणि लहान पोरं 'शिकामो' म्हणाली की लाजू नकोस. पाय धरते, असा त्याचा अर्थ सांगतात. आपल्या वाकून नमस्कारासारखंच. 'मराहाबा' म्हणायचं आणि पुढं जायचं.

छडीचं विचारलंस. तिथल्या नियमांत तिला अजून जागा आहे. आपल्याकडे 2009 च्या कायद्यानं बंद झाली, पण कायदा झाल्यावरही ती किती हातांत होती ते मी पाहिलंय. मला ती तेव्हाही सहन झाली नाही. तरीही मी सगळ्यांदेखत त्या शिक्षकाशी भांडले नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, खाता खाता विचारलं, वर्ग कसा सांभाळता? ते तासभर बोलले. छडी थांबली नाही. मी गप्प बसले हे चुकलं असं तू म्हणशील, म्हण. माझं मलाही रात्री वाटतं. पण भांडले असते तर दुसऱ्या दिवशी मला त्या वर्गाच्या दारातही उभं करून घेतलं नसतं, आणि मला पोरांजवळ राहायचं होतं.

मी अकरा महिन्यांत परतले, हे तुला आईनं सांगितलंच असेल, तिच्या पद्धतीनं. अण्णांना अर्धांगवायू झाला होता. जायलाच हवं होतं. माझा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग दुसऱ्याच आठवड्यात बंद पडला. तो मी एकटीनं सुरू केला होता, बाईंना विचारलंच नव्हतं. वह्या तपासण्याचं काम मात्र सातवीच्या दोन मुलींनी चालू ठेवलं, कारण ते बाईंचं होतं. बाईंचं पत्र आलं त्यात होतं हे. मी त्या पत्राला उत्तर लिहिलं नाही. अण्णा, दवाखाना, नोकरी... कारणं होती, खरी होती.

तर उद्या जरा लवकर जा. फळा भरलेला असेल तर हात मागे बांधून पूर्ण वाच, न कळलेले शब्द वहीत उतरव. बाई आल्या की 'निफुते उबाओ?' विचार. पुसू का फळा? 'बादो' म्हणाल्या तर अजून नाही.

आणि जूनमध्ये तिथं चांगलंच गारठतं. स्वेटर नेला नसशील तर इरिंगाच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगात बघ. मी तिथूनच घेतला होता, अजून आहे.

मावशी