पेट्रोलचे क्रेडिट कार्ड आणि पावसाळ्यातली बाकी

स. न. वि. वि.

आपण गुहागर तालुक्यात घरीच निवास-न्याहारीचा व्यवसाय चालवता, बाजारासाठी आणि पाहुण्यांना आणण्यासाठी चिपळूणच्या फेऱ्या होतात, आणि गाडी व स्कूटर मिळून महिन्याला सुमारे 6,000 रुपयांचे पेट्रोल लागते. बँकेच्या प्रतिनिधीने एका तेल कंपनीचे क्रेडिट कार्ड सुचवले असून त्यावर 4.25 टक्के परतावा आणि 499 रुपये वार्षिक शुल्क आहे. ते घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे.

या 4.25 टक्क्यांतला 1 टक्का मुळात लाभ नाहीच. पंपावर क्रेडिट कार्डाने पैसे दिले की साधारण 1 टक्का अधिभार लागतो आणि तोच पुढे माफ होतो. रोखीने किंवा खात्यातून यूपीआयने पैसे देणाऱ्याला तो मुळी लागतच नाही. शिवाय त्या अधिभारावरचा 18 टक्के जीएसटी सहसा परत मिळत नाही. तेव्हा खरा लाभ 100 रुपयांमागे 3 रुपये 7 पैसे धरावा. सगळे पेट्रोल त्याच कंपनीच्या पंपावर भरले, तर वर्षाला सुमारे 2,210 रुपये मिळतील आणि जीएसटीसह 589 रुपये शुल्क वजा जाता 1,620 रुपये उरतील.

मात्र सगळे पेट्रोल तिथे भरले जाणार नाही. आपणच लिहिले आहे की तो पंप चिपळूणच्या वाटेवर आहे आणि घराजवळचा पंप दुसऱ्या कंपनीचा आहे. स्कूटरमध्ये आपण एका वेळी 200-300 रुपयांचे पेट्रोल भरता, आणि आपण पाठवलेल्या माहितीपत्रकानुसार अधिभाराची माफी 500 ते 4,000 रुपयांच्या खरेदीवरच आहे. म्हणून स्कूटरचे पैसे रोखच द्यावेत. मुद्दाम वाट वाकडी करून त्या पंपावर जाणेही परवडणार नाही. जाऊन-येऊन 12 किलोमीटर जादा झाले आणि गाडी लिटरला 15 किलोमीटर धावत असेल, तर 80 रुपयांहून अधिक पेट्रोल जळते, आणि 2,000 रुपयांच्या खरेदीवर लाभ मात्र 61 रुपयांचा होतो. चिपळूणच्या फेरीत सहज भरले जाणारे महिन्याचे 4,000 रुपये धरले, तर शुल्क जाऊन वर्षाला 900 रुपयांच्या आतच हाती राहतात. ही रक्कम लहान असली तरी आपल्या हक्काची आहे, आणि ती सोडावी असे मी म्हणणार नाही.

मला खरी काळजी वाटते ती जून ते सप्टेंबरची. मे महिन्यात खोल्या भरलेल्या असतात, पण पाऊस सुरू झाला की पाहुणे तुरळक होतात, आणि त्यातच छपराची डागडुजी, मुलांच्या शाळेचा खर्च व गणपतीची तयारी एकापाठोपाठ येते. अशा वेळी हाताशी असलेल्या कार्डावर किराणाही चढतो, आणि बिलावर छापलेली किमान रक्कम भरून वेळ निभावून नेण्याचा मोह होतो. बहुतेक कार्डांवर थकीत रकमेला दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 42 टक्के, व्याज लागते, व त्यावर जीएसटी वेगळा. 12,000 रुपयांची बाकी दोनच महिने राहिली, तर सुमारे 990 रुपये जातात; म्हणजे वर्षभराची सगळी बचत आषाढ-श्रावणातच संपते. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते, हे प्रतिनिधी सहसा सांगत नाहीत.

म्हणून माझे मत असे की कार्ड घ्यावे, पण आत्ता नव्हे. येत्या उन्हाळी हंगामाच्या उत्पन्नातून 12,000 रुपये वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत, त्याच खात्यातून संपूर्ण बिल आपोआप भरले जाण्याची सूचना बँकेला द्यावी, आणि कार्डाची मर्यादा 15,000 रुपयांपुरतीच मागून घ्यावी. ही रक्कम बाजूला काढणे जमले नाही, तर यूपीआयच बरे. वर्षाला 50,000 रुपये खर्च केल्यास शुल्क माफ, असेही प्रतिनिधीने सांगितले आहे. त्या खर्चात पेट्रोल धरले जाते की नाही आणि परताव्यापोटी मिळणारे पॉइंट किती दिवसांत बाद होतात, हे अर्जावर सही करण्यापूर्वी बँकेकडून लेखी घ्यावे.