खाशाबा जाधवांचा वारसा नेमका काय उरलाय?

दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला दिलेलं नाव आणि जयंतीची भाषणं सोडली, तर खाशाबांचं आज काय उरलंय, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न बोचरा आहे, पण रास्त आहे.

'त्यांनी पिढ्या घडवल्या' हे वाक्य आधी बाजूला ठेवू. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत ५७ किलो वजनगटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं आलं १९९६ मध्ये, लिएंडर पेसचं. कुस्तीत तर सुशील कुमारपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत वाट पाहावी लागली. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळालं ते थेट २०२४ ला, स्वप्निल कुसाळेला, तेही नेमबाजीत. नुसत्या प्रेरणेवर पदकं मिळत असती तर महाराष्ट्राची मधली ७२ वर्षं कोरडी गेली नसती.

मग उरलं काय? माझ्या मते १९४८ ते १९५२ ही चार वर्षं. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट या हलक्या वजनगटात सहावे आले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी मातीत वाढलेला, गादीची (मॅटची) सवय नाही. मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची, दम जिरवून समोरच्याला थकवायला वेळ असायचा. गादीवर घड्याळ असतं, गुण असतात, पकड सुटली की दुसरी लगेच घ्यावी लागते. लंडनहून परतल्यावर त्यांनी नियम समजून घेतले, वरच्या वजनगटात गेले आणि पदक घेऊन आले. ढाक (समोरच्याची मान कवेत धरून त्याला खाली आपटणं) हा त्यांचा हातखंडा डाव मातीतलाच होता, तो त्यांनी टाकून दिला नाही. मातीचा अभिमान मिरवत गादीला नावं ठेवणाऱ्यांनी (अशी मंडळी अजून भेटतात) एवढं तरी बघावं. आज महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन विभाग असतात. ते खाशाबांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण मातीतला भारतीय मल्ल गादीवर ऑलिंपिक पदक जिंकू शकतो हे पहिल्यांदा त्यांनीच सिद्ध केलं.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. हेलसिंकीसाठी गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं. परत आल्यावर खाशाबा कुस्त्या लढले, बक्षिसाचे पैसे साठवले आणि ते कर्ज फेडलं. ऑलिंपिक पदकविजेता मैदानं मारतोय, कशासाठी, तर सरांचं घर सोडवायला! कौतुक करताना आपण इथे थांबतो. पण हा प्रसंग जितका खाशाबांच्या मोठेपणाचा, तितकाच व्यवस्थेच्या लाजेचा आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदार झाले, १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कारासाठी घरच्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

आता कुसाळेकडे बघा. त्याच्याकडे रेल्वेची नोकरी होती, प्रशिक्षक होते, सरकारी मदत होती. १९५२ मध्ये यातलं फारसं काही नव्हतं, त्यामुळे फरक नक्कीच पडलाय. पण त्याच्या पदकानंतर आलेल्या बातम्यांमध्ये, सुरुवातीला गोळ्या घ्यायला शिक्षक वडिलांनी कर्ज काढलं होतं, हेही छापून आलं होतं.