फिशर क्यूबचा एकच कोपरा उलटा का राहतो?

प्रश्न : साधा तीन बाय तीन क्यूब मुलीला सहज येतो. फिशर क्यूबचे खालचे दोन थर लागतात, पण वर एकच कोपरा उलटा राहतो. सूत्र चुकतंय का? – एक पालक, कोथरूड

उत्तर : सूत्र बरोबर आहे, तुकडा ओळखण्यात गफलत होतेय. टोनी फिशर यांच्या या क्यूबची आतली यंत्रणा नेहमीचीच असते. फक्त बाहेरचा आकार उभ्या अक्षाभोवती 45 अंशांनी वळवलेला. त्यामुळे तीन रंगांचा 'कोपरा' हा खरं तर कडेचा तुकडा, म्हणजे एज. वरच्या काठावरचे दोनरंगी तुकडे हे खरे कोपरे. मधल्या थरात उभ्या धारेवर बसतात ती सेंटर, म्हणजे आपली जागा न सोडणारे मधले तुकडे, आणि बाजूंच्या मधोमध दिसणारे एकरंगी तुकडे पुन्हा एज! एकरंगी एज उलटा बसला तरी दिसत नाही, गोची तिथेच आहे. एज कधी एकटा उलटत नाही. त्याचा जोडीदार मधल्या थरात लपलाय.

एक उभी धार समोर धरा. यू म्हणजे वरचा थर, आर उजवा, एफ पुढचा. ' ही खूण असेल तर घड्याळाच्या उलट, 2 असेल तर तोच फेरा दोनदा. आता यू आर यू' आर' यू' एफ' यू एफ, मग यू2, मग तेच आठ फेरे पुन्हा. समोरच्या आणि उजव्या धारेमधला एकरंगी तुकडा बाहेर पडून उलटा होऊन परत बसतो. वरचा थर मोडतो, तो नव्याने लावायचा.

दुसरी कटकट सेंटरची. ते 180 अंश फिरलं तर धारेवरचे दोन रंग अदलाबदल होतात, 90 अंश फिरलं तर आकारच बिघडतो. वेगात लावणाऱ्यांचं लाडकं आर यू' आर यू आर यू आर यू' आर' यू' आर2 इथे टाळा : त्यात आरच्या फेऱ्यांची बेरीज (उलटा फेरा वजा धरून) 5 येते. चार फेऱ्यांत पूर्ण वळसा, म्हणजे उजवं सेंटर 90 अंश सरकलं. नवशिक्यांचं आर यू आर' यू आर यू2 आर' सुरक्षित, कारण बेरीज शून्य. 180 अंश फिरलेलं सेंटर वर येईल असा क्यूब आडवा धरा आणि आर यू आर' यू पाच वेळा करा. बाकी काही हलत नाही.

प्रश्न : मिरर क्यूब सगळा सोनेरी. सुरुवात कुठून करायची? – हडपसर

उत्तर : इथे जाडी हाच रंग. मधले थर तिन्ही दिशांना सारखे, बाहेरचे सहाही वेगवेगळ्या जाडीचे. सर्वांत पातळ बाजूचं सेंटर खाली घ्या आणि तिथे क्रॉस लावा, म्हणजे त्याच्याभोवतीचे चार एज जागेवर बसवा. एजची फक्त उंची जुळवू नका, बाजूच्या सेंटरवरून बोट फिरवून तिथेही सपाट लागतोय का ते पाहा. बहुतेकांचं हेच राहून जातं. फिशरसारखी लपवाछपवी इथे नाही, कारण प्रत्येक तुकडा वेगळा दिसतो.

प्रश्न : क्यूब पडून तुकडे निघाले. बसवले, पण आता सुटतच नाही. – सिंहगड रस्ता

उत्तर : तुकडे कसेही बसवले तर क्यूब सुटण्याजोगा होण्याची शक्यता 12 पैकी 1. सगळे काढा आणि सुटलेल्या स्थितीतच बसवा. शेवटी एक एज ठेवा. वरचा थर 45 अंश वळवून तो दाबला की आत जातो. नाही गेला तर त्या बाजूचा स्क्रू थोडा सैल करा, जोर लावू नका.